डाख नाही हे खरं, पण बिघाड डाखेत नाही

नमस्कार. आपण रिव्ह्यूत आम्हाला एक तारा (स्टार) दिलात आणि लिहिलंत की आमच्या गरम पाण्याच्या कॉइलच्या (ट्यूबमधून गरम पाणी, बाहेरून हवा) फिन, म्हणजे ट्यूबवरच्या पातळ पत्र्या, ट्यूबला डाख न देता नुसत्या दाबून बसवल्यात, तांब्याऐवजी ॲल्युमिनियम वापरून फसवणूक केलीय, आणि महिन्याभरात हवा कोमट येऊ लागली.

डाख नाही, हे खरं. या प्रकारच्या कॉइलमध्ये ती नसतेच. फिनच्या भोकांना कॉलर, म्हणजे उभी किनार असते, त्यांतून ट्यूब ओवतात आणि ट्यूबच्या आतून पोलादी बुलेट, म्हणजे ट्यूबच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित जाड गोळा, ढकलतात. ट्यूब फुगते आणि कॉलरला आतून घट्ट दाबून बसते. सगळी उष्णता त्या दाबातूनच फिनमध्ये जाते.

ॲल्युमिनियमबद्दलही आपलं म्हणणं पटत नाही. तांबं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं, वाद नाही. पण इथे अडथळा धातूचा नसून हवेचा आहे. पाण्याच्या बाजूला उष्णता-संक्रमण गुणांक (पृष्ठभागातून उष्णता किती सहज जाते त्याचं माप, W/m²K मध्ये) हजारांत असतो, हवेच्या बाजूला जेमतेम 30 ते 60. फिन लावतात त्या हवेकडचं क्षेत्रफळ वाढवायलाच. इतक्या आखूड फिनमध्ये तांबं घातलं तर फरक फार तर काही टक्क्यांचा.

आता आपली आणखी एक तक्रार, जी आपण शेवटी एका ओळीत उरकलीत: ‘फिन बोटाने हलतात.’ ती वाचून मी वर्कशॉपमध्ये गेलो. त्या बॅचची बुलेट मोजली. झिजली होती. म्हणजे ट्यूब पुरेशी फुगलीच नाही. दोष आमचा, आणि तपासणीत तो निसटला हाही आमचाच.

सुरुवातीला कॉइल नीट का चालली, याचं कारणही त्यातच असावं. फिन ॲल्युमिनियमच्या, ट्यूब तांब्याची, आणि ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं. साडेनऊ मिलिमीटरची ट्यूब 60 अंशांनी तापली, की कॉलरचं भोक तिच्यापेक्षा सुमारे साडेतीन मायक्रॉननं अधिक वाढतं. बसणी घट्ट असेल तर हे सहज पचतं. ढिली असेल तर फट पडते, आणि रोजच्या तापण्या-निवण्यात कॉलर आणखी सैल होत जाते. साडेतीन मायक्रॉन म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण 10 मायक्रॉन हवेचा थर उष्णतेला जवळपास 9 सेंटिमीटर जाड ॲल्युमिनियमइतका अडवतो. (हा हिशेब मी स्वतः दोनदा केला, पहिल्यांदा माझाही विश्वास बसला नव्हता.)

कॉइल बदलून देतो, ने-आण आमच्याकडे. त्या बॅचच्या बाकी ग्राहकांनाही आम्ही कळवतो आहोत. आपली कॉइल काढताना मात्र फिनला धरून उचलू नका, दोन्ही टोकांच्या जाड पत्र्यांना धरा. ती आम्हाला आडवी कापून बघायची आहे.