वेगवान शोध म्हणजे तडजोडच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप असा, की मोशन एस्टिमेशनचा (व्हिडिओ लहान करताना चित्राचा प्रत्येक तुकडा मागच्या फ्रेममधून कुठून सरकून आला ते शोधण्याचा) वेग वाढवणं म्हणजे दर्जावर पाणी सोडणं. आता ग्राफिक्स कार्डं दमदार झालीत, तर सरळ फुल सर्च करावा, म्हणजे आवाक्यातली एकूण एक जागा तपासावी. मला हे अजिबात पटत नाही.

आधी हिशेब पाहू. फुल एचडी फ्रेममध्ये १६×१६ पिक्सेलचे ८,१६० ब्लॉक. प्रत्येक ब्लॉक मागच्या फ्रेममध्ये चहूबाजूंना १६ पिक्सेलपर्यंत शोधायचा, तर १,०८९ जागा आणि दर जागेला २५६ वजाबाक्या, पिक्सेलागणिक एक; या फरकांची बेरीज सर्वांत कमी, ती जागा निवडायची. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ५,६०० कोटींच्या वर वजाबाक्या होतात. कार्ड हे पेलेलही. फोनची बॅटरी नाही पेलणार.

शिवाय उत्तर तसूभरही न बदलता वेग वाढवता येतो. ली आणि सालारी यांची १९९५ची पद्धत घ्या. समजा, आपल्या ब्लॉकमधल्या पिक्सेलची बेरीज ३०,००० आहे, समोरच्या जागेची ३६,०००. मग दोहोंतला एकूण फरक ६,०००पेक्षा कमी असूच शकत नाही. आधीच २,५०० फरकाची जागा हाती असेल, तर ही जागा एकही पिक्सेल न तपासता सोडून द्यायची. या बेरजाही सरकत्या खिडकीने (आधीच्या बेरजेत नवे पिक्सेल मिळवून, जुने वजा करून) स्वस्तात मिळतात. यात तडजोड कुठे आली?

आता क्रिकेटचं प्रक्षेपण आठवा. चेंडू सीमारेषेकडे धावतोय, कॅमेरा त्याच्यामागे वळतोय, आणि गवताचे सगळे ब्लॉक दर फ्रेमला ४० पिक्सेल सरकताहेत. ब्लॉकच्या मूळ जागेभोवती १६ पिक्सेल चाळणारा फुल सर्च तिथवर पोहोचतच नाही. शेजारच्या ब्लॉकच्या व्हेक्टरपासून (तो किती आणि कुठे सरकला त्या आकड्यापासून) सुरुवात करणारा, भोवतालच्या चौकटच्या आकारातल्या मोजक्याच जागा तपासत पुढे जाणारा साधा डायमंड सर्च मात्र जवळजवळ नेमक्या जागी उतरतो. आणि एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये शेजाऱ्यांवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा व्हेक्टर जितका वेगळा, तितकाच फरक साठवावा लागतो. सपाट आकाशात निव्वळ पिक्सेलमधला कमीत कमी फरक शोधत गेलात, तर नॉइजपायी (चित्रातल्या बारीक खरखरीपायी) व्हेक्टर विखुरतात आणि बिट वाया जातात. म्हणून चांगला एन्कोडर (व्हिडिओ लहान करणारा प्रोग्राम) व्हेक्टरच्या बिटांचा खर्चही जमेस धरतो.

थ्री-स्टेप सर्चबद्दलची (तीन पायऱ्यांत उडी निम्मी-निम्मी करत शोधण्याबद्दलची) तुमची तक्रार मात्र रास्त आहे. पहिलीच उडी ४ पिक्सेलची, त्यामुळे बारीक हालचाल निसटते आणि शोध भलत्याच खळग्यात, म्हणजे आसपासच्यांहून बऱ्या पण सर्वोत्तम नसलेल्या जागी, अडकतो. पण ती पद्धत १९८१ची. तिच्यावरून आजच्या पद्धतींना जोखू नका.

एक्स२६४ या एच.२६४च्या मोफत एन्कोडरमध्ये शोधाचे हेक्स, यूएमएच (दोन्ही वेगवान पद्धती) आणि ईएसए (म्हणजेच फुल सर्च) हे तिन्ही पर्याय आहेत. सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) तोच ठेवून तुमचीच एखादी क्लिप तिन्हींवर चालवा आणि फाइलचा आकार व लागलेला वेळ इथे लिहा. त्या आकड्यांवर पुढे बोलू.