व्हॉइस मेसेज पोहोचला नाही की सर्व्हर रीस्टार्ट करायचा?

कंपन्यांच्या फोन यंत्रणा सांभाळणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. थोडक्यात असा: एका शाखेतून दुसऱ्या शाखेत व्हॉइस मेसेज गेला नाही तर दोष लाइनचाच. फोनवरचा दिवा लागला नाही म्हणजे मेसेज आलेलाच नाही. सर्व्हर रीस्टार्ट करा, अडकलेलं सुटतं. नाही सुटलं तर पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, लॉग (सर्व्हर आपल्या कामाची ठेवतो ती नोंद) चाळत बसू नका.

दिव्याचा मुद्दा आधी संपवू. दिवा लावण्याची सूचना आणि मेसेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसआयपी, म्हणजे इंटरनेट पद्धतीने कॉल जोडणाऱ्या, फोनमध्ये ही सूचना सर्व्हर स्वतंत्रपणे पाठवतो. तिची पद्धत २००४ च्या आरएफसी ३८४२ मध्ये दिलेली आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). ती सूचना वाटेत हरवली तर मेलबॉक्समध्ये मेसेज असूनही दिवा विझलेलाच राहतो, आणि रिकाम्या मेलबॉक्सचा दिवा पेटलेला राहतो तोही याच कारणाने. तक्रार नोंदवण्याआधी मेलबॉक्सला फोन लावून ऐकावं, एवढंच.

‘दोष लाइनचाच’ हे विधान एके काळी पूर्ण चुकीचं नव्हतं. व्हॉइस मेल यंत्रणा एकमेकींशी जोडण्याच्या जुन्या अॅनालॉग एएमआयएस पद्धतीत एक यंत्रणा दुसरीला चक्क फोन लावायची, टोननी मेलबॉक्स क्रमांक कळवायची आणि मेसेज वाजवून दाखवायची. तिथे लाइनवरची खरखर मेसेजमध्ये उतरायची. पण वेगवेगळ्या बनावटीच्या यंत्रणा जोडायला पुढे रुळली ती व्हीपीआयएम पद्धत. ती १९९६ मध्ये आरएफसी १९११ म्हणून आली आणि २००४ मध्ये आरएफसी ३८०१ म्हणून सुधारली गेली. तिच्यात व्हॉइस मेसेज म्हणजे आवाजाची फाइल जोडलेला ईमेल. त्यामुळे तिचे आजारही ईमेलचेच: डीएनएसमधली (सर्व्हरच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीतली) चुकीची नोंद, बंद असलेलं पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना ईमेल देतात ते दार), आकाराची मर्यादा, पलीकडे अस्तित्वातच नसलेला मेलबॉक्स.

‘पिंग चालतंय, म्हणजे नेटवर्क ठीक’ हा याच समजाचा दुसरा अवतार. पिंग म्हणजे पलीकडच्या यंत्राला नेटवर्कवरून मारलेली हाक. पिंगला उत्तर आलं तर पलीकडचं यंत्र चालू आहे एवढंच कळतं, पोर्ट २५ उघडं आहे की नाही ते कळत नाही. काही फायरवॉल तर एसएमटीपीच्या, म्हणजे ईमेल देता-घेताना सर्व्हरमध्ये होणाऱ्या, संभाषणात हात घालतात आणि ओळखीच्या नसलेल्या आज्ञांच्या जागी ‘X’ अक्षरांची रांग लावतात. मग पिंग चालतं, जोडणीही होते, मेसेज मात्र जात नाही. आणखी एक खूण लक्षात ठेवावी. अ शाखेकडून ब शाखेकडे मेसेज जातो पण ब कडून अ कडे येत नाही, असं असेल तर लाइनला दोष देण्याआधी ब च्या सर्व्हरवरची अ ची नोंद तपासावी. दोन्ही दिशांची सेटिंग वेगवेगळी केलेली असतात आणि एकीकडे मेलबॉक्स क्रमांकाच्या आधीचा शाखेचा उपसर्ग चुकला की तेवढी एकच दिशा बंद पडते.

आता रीस्टार्ट. या सल्ल्याला इतके पाठीराखे का मिळतात, ते समजण्यासारखं आहे: रीस्टार्टनंतर मेसेज कधीकधी खरंच जातात. पण कसे जातात ते पाहा. तात्पुरती अडचण आली तर पाठवणारा सर्व्हर मेसेज रांगेत ठेवतो आणि थांबून पुन्हा प्रयत्न करतो. आरएफसी ५३२१ नुसार दोन प्रयत्नांमध्ये साधारणपणे किमान ३० मिनिटं जावीत आणि हार मानण्याआधी ४-५ दिवस तरी प्रयत्न चालू ठेवावा. ही रांग डिस्कवर असते. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की बहुधा ती लगेच चाळली जाते. पलीकडची अडचण तोवर मिटलेली असेल तर मेसेज निघतात आणि श्रेय रीस्टार्टला मिळतं. तेच मेसेज थोड्या वेळाने आपोआप गेले असते, आणि घाईच असेल तर रांग लगेच चालवण्याची सोय बऱ्याच यंत्रणांत असते. रीस्टार्टमध्ये मात्र त्या क्षणी मेसेज रेकॉर्ड करणाऱ्यांचे कॉल तुटतात, आणि मेमरीत साठत असलेला ट्रेस (यंत्रणेच्या प्रत्येक पावलाची तपशीलवार नोंद), म्हणजे नेमका हवा असलेला पुरावा, पुसला जातो.

‘पुन्हा पाठवा’ हा सल्ला चालेल की नाही, ते पलीकडच्या सर्व्हरकडून परत आलेला उत्तराचा कोड सांगतो. ४ ने सुरू होणारा कोड तात्पुरत्या अडचणीचा, ५ ने सुरू होणारा कायमच्या. ५.१.१ म्हणजे असा मेलबॉक्स नाही. ५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरला आहे. ५.२.३ म्हणजे मेसेज मर्यादेपेक्षा मोठा आहे. या तिन्हींत कारण दूर न करता तोच मेसेज तसाच पुन्हा पाठवला तर तसाच परत येणार. ४ च्या कोडमध्ये पहिला मेसेज अजून रांगेतच असतो, त्यामुळे पुन्हा पाठवला की ऐकणाऱ्याला एकच निरोप दोनदा मिळतो.

आकाराची गडबड सहज लक्षात येत नाही, कारण छोटे मेसेज नीट जात असतात. जी.७११ या फोनच्या नेहमीच्या आवाज-पद्धतीत एका मिनिटाच्या आवाजाचे ४,८०,००० बाइट होतात. ईमेलसाठी बेस ६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात, गुंडाळले की ते एक तृतीयांशाने वाढून ६,४०,००० होतात. म्हणजे दहा मिनिटांचा निरोप ६४ लाख बाइटांचा, आणि वाटेतल्या एखाद्या सर्व्हरची मर्यादा ५ एमबी असेल तर तो तिथेच अडतो. व्हीपीआयएमच्या ३२ केबीपीएस एडीपीसीएम या आवाज आवळून साठवण्याच्या पद्धतीत तोच निरोप निम्म्यावर येतो. लाइन, रीस्टार्ट, पुन्हा पाठवणं, यातल्या कशाचाच इथे संबंध नाही.

राहिला ‘लॉग चाळत बसू नका’ हा सल्ला, आणि माझा खरा राग याच वाक्यावर आहे. ‘परत आल्याची सूचना नाही, म्हणजे मेसेज पोहोचला’ असं लोक धरून चालतात. ती सूचनाही एक ईमेलच असते आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर उलट्या दिशेने जाते. ती दिशाच बंद असेल तर तीही वाटेत हरवते. म्हणून एकच मेसेज धरावा: कोणी, कोणाला, किती वाजता, किती लांबीचा. पाठवणाऱ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये तो शोधावा आणि डेटा संपल्यावर पलीकडून २५० हे, म्हणजे ‘स्वीकारलं’ असं, उत्तर आलं का ते पाहावं. आलं असेल तर मेसेज पोहोचवण्याची किंवा न पोहोचल्याचं कळवण्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्या सर्व्हरची, आणि पुढचा शोध तिकडे. नसेल तर तो अजून आपल्याकडेच आहे, किंवा नाकारला गेला आहे, आणि कारण त्याच ओळीच्या आसपास लिहिलेलं सापडतं. शोध सुरू करण्याआधी दोन्ही सर्व्हरची घड्याळं जुळतात का ते बघून घ्यावं, नाहीतर दोन लॉगमधल्या वेळा एकमेकींशी लागत नाहीत.