चोंगचिंग आणि मुंबई : लोकसंख्येच्या तुलनेबाबत खुलासा

चीनमधील चोंगचिंग हे जगातील सर्वांत मोठे शहर असून त्याची लोकसंख्या मुंबईच्या अडीच पट आहे, असा मजकूर सध्या समाजमाध्यमांवर फिरत आहे. त्यातील आकडे खरे आहेत, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

२०२० च्या जनगणनेनुसार चोंगचिंगची लोकसंख्या ३ कोटी २० लाखांवर आहे. परंतु १९९७ मध्ये सिचुआन प्रांतातून वेगळे काढून थेट केंद्र सरकारच्या अखत्यारीत आणलेल्या या महापालिकेचे क्षेत्रफळ सुमारे ८२,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून अधिक आहे. यांगत्से नदीच्या घळईकाठचा वूशानसारखा डोंगराळ तालुका, तेथील शेते आणि खेडीही याच आकड्यात मोजली जातात. मध्यवर्ती नऊ नागरी विभागांत राहणारे लोक सुमारे एक कोटीच भरतात.

मुंबईचा १ कोटी २४ लाखांचा आकडा २०११ चा, म्हणजे नऊ वर्षे आधीचा असून तो शहर व उपनगर या दोन जिल्ह्यांच्या अवघ्या ६०३ चौरस किलोमीटरपुरता आहे. रोज लोकलने मुंबईत येणारे ठाणे किंवा डोंबिवलीचे रहिवासी त्यात नाहीत, आणि तुलना करताना नेमके हेच विसरले जाते.

टोकियोबाबतही असाच घोळ होतो. तेथील २३ विशेष प्रभागांत सुमारे ९७ लाख, तर संपूर्ण टोकियो महानगर प्रशासनात सुमारे १ कोटी ४० लाख लोक राहतात. त्या प्रशासनाच्या हद्दीत सुमारे हजार किलोमीटर दूरची ओगासावारा बेटेही येतात.