त्या व्हॉल्व्हमध्ये पारा नाही, फोडू नका

मागच्या महिन्यात पुण्याच्या जुन्या बाजारात एक मर्फीचा जुना रेडिओ दिसला, काचेच्या बंद नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, चालणारा. लाकडी पेटी बरी, डायलची काच शाबूत, मागचा पुठ्ठासुद्धा जागेवर. असा सेट दिसला की माझा हात आपसूक मागच्या बाजूला जातो. पुठ्ठा काढला तर व्हॉल्व्हची पाचही सॉकेटं रिकामी आणि चॅसिसवर, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर, काचेचा चुरा. विक्रेता म्हणाला, "साहेब, आधीच्या मालकानं फोडलेत. पारा शोधत होता." मग त्यानं मोबाईल काढून मला तो मेसेज दाखवला. माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आधीच येऊन गेला होता.

ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जुन्या रेडिओ-टीव्हीत 'रेड मर्क्युरी' असतं, व्हॉल्व्हच्या डोक्यावर चकाकतं ते हेच. अणुबॉम्बला लागतं म्हणून परदेशी पार्ट्या कोटी रुपये मोजतात. ओळख अशी की आरशात आणि कॅमेऱ्यात दिसत नाही, लसणापासून पळतं, सोन्याकडे धावतं. आणि शेवटी, तुमचा रेडिओ तसाही भंगारच आहे, ना पार्ट मिळत ना कारागीर, तेव्हा उघडून बघायला काय जातं?

काय जातं तेच सांगतो. पंधरा-सोळा वर्षं हौसेनं हे डबे उघडतोय, धंदा म्हणून नाही.

आधी ते डोक्यावरचं चकाकणारं. त्याला गेटर म्हणतात आणि तो पारा नसून बेरियमचा थर असतो. व्हॉल्व्हमधली हवा पंपानं कितीही ओढली तरी चिमूटभर उरते, शिवाय आतले पत्रे तापले की त्यांच्यातूनही वायू सुटत राहतो. म्हणून कारखान्यात काच बंद केल्यावर आतली एक छोटी कडी बाहेरूनच तापवायचे. तिच्यातला बेरियम उडून काचेला आतून आरशासारखा चिकटायचा आणि पुढची कैक वर्षं उरलासुरला वायू गिळत बसायचा. काचेला चीर जाऊन हवा शिरली की हाच चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडतो. मला त्याचा फार उपयोग होतो. व्हॉल्व्ह उपसायच्या आधीच कळतं की हा गेला. पण पारा काढायला निघालेला माणूस काच फोडतो, डोळ्यांदेखत चंदेरी रंग पांढरा होतो, आणि त्याला वाटतं माल हवेत उडाला. मग तो दुसरा फोडतो. पाचही सॉकेटं रिकामी का होती, ते आता लक्षात आलं असेल.

पारा असलेले व्हॉल्व्ह जगात नव्हतेच असं मात्र नाही. ८६६ नंबरचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह) मोठ्या ट्रान्समीटरांत असायचा, ८३ नंबरचा, व्हॉल्व्ह तपासायच्या यंत्रांत. दोन्हींत साध्या पाऱ्याची वाफ असते आणि चालू असताना ती निळी दिसते, लाल नाही. असला व्हॉल्व्ह हाती आलाच तर तो फोडणं म्हणजे घरात विषारी वाफ सोडणं. आपल्या आजोबांच्या पाच व्हॉल्व्हच्या सेटमध्ये तेवढंही नसतं. आत जो लालसर उजेड दिसतो तो तापलेल्या फिलामेंटचा.

लसूण आणि आरसा यांच्यावर फार शाई खर्च करत नाही. एवढंच विचारतो, जो पदार्थ कॅमेऱ्यात दिसत नाही तो मेसेजसोबतच्या व्हिडिओत इतका स्वच्छ कसा दिसतो?

अणुबॉम्बचं म्हणाल तर ही अफवा सोव्हिएत संघ कोसळण्याच्या सुमारास जगभर पसरली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं असा पदार्थ अस्तित्वातच नाही असं सांगून झालंय. २००९ साली हीच अफवा सौदी अरेबियात सिंगरच्या जुन्या शिवणयंत्रांबद्दल उठली आणि लोकांनी अडगळीतली यंत्रं अव्वाच्या सव्वा भावानं घेतली. तिथं शिलाई मशीन, इथं रेडिओ. लाल रंगाचं पाऱ्याचं संयुगच हवं असेल तर हिंगूळ आहे की. त्यासाठी मर्फी कशाला फोडायचा?

आणि कोटी देणारी परदेशी पार्टी? आपल्याकडे 'राईस पुलर', म्हणजे तांदूळ ओढून घेणारं चमत्कारी भांडं, या नावाखाली तांब्याची भांडी विकणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्यात. त्यांची रीत ठरलेली: भाव कोटीचा, पण आधी 'टेस्टिंग'चे पैसे तुम्ही भरायचे. इथंही ॲडव्हान्स मागितला की समजून जा.

आता खरा मुद्दा, सेट भंगार आहे हा. न वाजणाऱ्या सेटमध्ये बहुतेक वेळा व्हॉल्व्ह ठणठणीत असतात. खराब होतात ते मेणकागदाचे कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग. त्यातला एक तर नामचीन आहे, स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या, ईएल ८४ च्या, ग्रिडला (सिग्नल घेणाऱ्या आतल्या जाळीला) जोडलेला. त्याचं काम आवाज पुढे सोडायचं आणि मागचे शंभरेक व्होल्ट अडवायचं. तो गळायला लागला की ग्रिडवर, जिथं जवळपास शून्य हवं, तिथं मीटर चार-पाच व्होल्ट दाखवतो. व्हॉल्व्ह नको तेवढा करंट ओढतो, आतला पत्रा लाल होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. हे सगळं टळतं एका ०.०१ मायक्रोफॅरडच्या, ६३० व्होल्टच्या नव्या कंडेन्सरनं. वडापावापेक्षा स्वस्त. सोल्डरचे दोन डाग द्यायचे, झालं. सतत घूंऽऽ आवाज येत असेल तर फिल्टरचे, म्हणजे वीज सपाट करणारे, कंडेन्सर वाळलेत, तेही मिळतात. (सरसकट सगळेच उपटा, असं सांगणारे जाणकार आहेत. मी अभ्रकाच्या कंडेन्सरांना कारणाशिवाय हात लावत नाही.) ईएल ८४ तर गिटारच्या ॲम्प्लिफायरसाठी आजही नवा बनतो.

एक मात्र पाळा. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट प्लगला लावू नका. साठ वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घाला, म्हणजे सेटची वीज त्यातून जाईल असा; एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे. ज्या सेटांत 'यू'नं सुरू होणारे व्हॉल्व्ह आहेत, यूसीएच, यूएल वगैरे, त्यांत सहसा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसिसवरच मेनचा करंट असू शकतो. तिथं नवशिक्यानं हात घालू नये. बाकीच्यांतही प्लग काढल्यावर फिल्टरच्या कंडेन्सरांत अडीच-तीनशे व्होल्ट उरलेले असू शकतात.

कारागीर उरले नाहीत, हे मात्र मेसेजमध्ये बरंचसं खरं आहे. गल्लीतल्या रेडिओवाल्याकडे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. आणि सेट वाजला तरी घरातले एलईडी बल्ब आणि चार्जर मीडियम वेव्हवर एवढी खरखर करतात की माझ्याकडे ७९२ वरचं पुणे केंद्र ऐकायला अर्धं घर बंद करावं लागतं. बायको त्याला 'रेडिओसाठीचं लोडशेडिंग' म्हणते.

तो मर्फी मी घेतला. पुठ्ठ्यावर व्हॉल्व्हचे नंबर छापलेले होते, चार माझ्या डब्यात निघाले. ट्रान्सफॉर्मर दोन्ही शाबूत आहेत. पाचवा, ईसीएच ८१, अडलाय. कुणाच्या माळ्यावर असेल, डोक्यावरचा डाग अजून चंदेरी असेल, तर कळवा.