अस्वलाच्या केसांतून ऊन वाहत नाही

हा संदेश माझ्याकडे तिसऱ्यांदा आला: ‘ध्रुवीय अस्वलाचे केस म्हणजे निसर्गाने बनवलेले ऑप्टिकल फायबर! ते ऊन थेट काळ्या कातडीपर्यंत नेतात, म्हणून अस्वल गारठत नाही. सगळा हिवाळा ते गुहेत झोपून काढतं. आणि थंडीत गोठलेला प्राणी पुन्हा कधीच जिवंत होत नाही.’

केसांपासून सुरुवात करू. अस्वलाचे लांब केस रंगहीन आणि आतून पोकळ असतात, कातडीही खरोखर काळी असते. इथपर्यंत ठीक. 1970च्या दशकात शास्त्रज्ञांनी अतिनील प्रकाशात अस्वलांचे फोटो काढले. त्यात बर्फ पांढरा आला, अस्वल मात्र काळं! म्हणजे अस्वल हे किरण शोषून घेत होतं. मग ते केसांतून कातडीपर्यंत जात असतील, असा अंदाज निघाला. अंदाज सुंदर होता, म्हणूनच टिकला. 1998 मध्ये डॅनियल कून या भौतिकशास्त्रज्ञाने केसातून किती प्रकाश जातो ते मोजलं. एका टोकाने शिरलेल्या लाल प्रकाशातला 0.001 टक्काही दुसऱ्या टोकाला पोहोचण्यासारखा नव्हता. अतिनील किरण तर केसातलं केराटिनच गिळून टाकतं. तुमची नखं बनतात तेच केराटिन.

खरं तर उपकरणाचीही गरज नव्हती. आर्क्टिकच्या ऐन हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. मग केसांनी ऊन आणायचं कुठून?

अस्वलाला वाचवते ती केसांच्या दोन थरांत अडकलेली हवा आणि खालची जाडजूड चरबी. हे पांघरूण इतकं पक्कं, की थोडं पळालं तरी अस्वल उकाड्याने हैराण होतं.

झोपेचं म्हणाल, तर गाभण मादीच बर्फात बीळ खणून आत राहते. बाकीची अस्वलं हिवाळाभर गोठलेल्या समुद्रावर सील पकडत हिंडतात.

राहिला गोठलेला प्राणी. अलास्का आणि कॅनडातला वूड फ्रॉग नावाचा बेडूक पालापाचोळ्याखाली चक्क गोठतो. शरीरातल्या जवळपास दोन तृतीयांश पाण्याचा बर्फ होतो, श्वास थांबतो, हृदयही थांबतं. पेशींच्या आत बर्फ झाला तर मात्र खेळ खलास. म्हणून गोठायला लागताच त्याचं यकृत रक्तात भरपूर साखर सोडतं. ती पेशींमध्ये शिरते, आतलं पाणी गोठू देत नाही, आणि बर्फ पेशींच्या बाहेरच राहतो. वसंतात बेडूक वितळतो. आधी हृदय धडधडू लागतं, मग श्वास सुरू होतो, मग पाय हलतात, आणि स्वारी डबक्याकडे निघते.