‘महिनाभर कळ काढा, पायांना सवय होईल’: कशाची?

दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांसाठी एक मेसेज फिरतोय: ‘पाय दुखतात ते सवय नसल्यामुळे. महिनाभर कळ काढा. पाणी कमी प्या, सूज येणार नाही. चप्पल जितकी मऊ तितकी बरी. घट्ट मोज्यांनी रक्त अडतं. रात्री तेल चोळा, झालं.’

सवयीचं आधी. तळव्यांना, पाठीला थोडी सवय होते, मान्य. पण पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं असतं आणि त्यात मोठा वाटा पोटरीचा. चालताना पोटरी आवळते, शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकतं. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. एका जागी खिळून उभं राहिलं की हा पंप बंद. घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालू लागलं की ३०च्या आसपास उतरतो. याची सवय दहा वर्षांनीही होत नाही, उलट शिरा फुगायला लागतात. तेव्हा कळ काढू नका, हला. चवड्यांवर उठा, टाचा टेकवा, पुन्हा उठा. एक पाय आलटूनपालटून बुटक्या पाटावर ठेवा. आणि अधूनमधून टेकायला स्टूल मागणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे.

सूज पाणी प्यायल्याने येत नाही. शिरांतल्या दाबाने द्रव आजूबाजूला झिरपतो, म्हणून येते. खरं तर पाणी टाळण्यामागे पुष्कळदा कारण वेगळंच असतं: लघवीला जायला सोडत नाहीत. त्याला आरोग्याचा मुलामा कशाला?

चप्पल मऊ हवी, पण पाय रुतेल इतकी नको; तोल सांभाळण्यातच स्नायू दमतात. बूट संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घालून बघावेत.

मोज्यांचं म्हणणं अर्धं खरं. वरची पट्टी पोटरीत रुतणारे मोजे वाईटच. पण कॉम्प्रेशनचे मोजे घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जातात, त्यामुळे रक्ताला वर जायला मदतच होते. ते सकाळी, सूज चढण्याआधी घालायचे. मधुमेह किंवा पायाच्या धमन्यांचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

तेलाने बरं वाटतं, चोळा की! सूज उतरायला मात्र पाय उशांवर, हृदयापेक्षा उंच ठेवून पंधरा मिनिटं पडणं जास्त उपयोगी. फक्त एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, पोटरी दुखू लागली, तर त्याला तेल लावून रगडत बसू नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.