एचआयव्ही सलाईनच्या खुर्चीवरून लागत नाही

‘एड्सच्या डे केअरमध्ये (दिवसा उपचार, संध्याकाळी घरी) दहा-बारा जणांना एकाच खोलीत सलाईन लावतात, एकाचा विषाणू दुसऱ्याला लागतो. संध्याकाळी घरी पाठवून हात झटकतात. एआरटीच्या (एचआयव्ही रोखणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर तिथं जाऊच नका.’ हा फॉरवर्ड वाचून ओळखीतल्या एकानं परवाची सलाईन चुकवली. म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिला मुद्दा निव्वळ खुळचट आहे. खुर्ची, स्टँड, पेला, शौचालय यांवरून एचआयव्ही लागत नाही. बाधिताचं रक्त लागलेली सुई हातात घुसली तरी लागण होण्याची शक्यता हजारात साधारण ३. आणि इथं तर सुई, नळी, बाटली प्रत्येकाची वेगळी. वापरलेली सुई टोपण न लावता थेट जाड डब्यात जाते. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला पार्टनर अभ्यास बघा. ७८२ समलिंगी पुरुष जोडपी, प्रत्येकात एकाला एचआयव्ही, पण औषधांनी दबलेला. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले, आणि त्या जोडीदाराकडून लागण झाली एकालाही नाही. मग शेजारच्या खुर्चीतून ती होणार कशी?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. टीबी हवेतून पसरतो, आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्याला लवकर गाठतो. म्हणून खोकल्याची चौकशी दारातच व्हायला हवी. खोकणाऱ्याला मास्क आणि वेगळी जागा, खोलीत खेळती हवा. पेंटामिडिन या फुफ्फुसाच्या संसर्गावरच्या औषधाची वाफ घेताना अनेकदा खोकला येतो, त्यामुळे ती सगळ्यांमध्ये बसवून द्यायचीच नाही. हे पाळलं जात नसेल तर तक्रार करा, भांडा. उपचार सोडू नका.

‘हात झटकतात’ म्हणणाऱ्यानं ॲम्फोटेरिसिनचा एक दिवस बघावा. सकाळी वजन, ताप, रक्त. हे बुरशीवरचं औषध किडनीला त्रास देतं, पोटॅशियम खाली आणतं. त्यामुळे क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमचे आकडे बघितल्याशिवाय ते चढवायचं नसतं. आधी पोटॅशियम घातलेलं १ लिटर नॉर्मल सलाईन (मिठाचं पाणी), दोनेक तासांत. मग नळी ५ टक्के डेक्स्ट्रोजनं (साखरेच्या पाण्यानं) धुवायची, कारण मिठाच्या पाण्याशी गाठ पडली की औषधाचा साका होतो. ही पायरी घाईत राहिली तर तो डोस वाया. औषध सुरू झालं की हुडहुडी भरते का, याकडे लक्ष. गुंगी, वाढती डोकेदुखी, धाप, किंवा पोटात पाणीही न ठरणं, यातलं काही दिसलं तर घरी नाही, वॉर्डात पाठवतात.

राहिल्या गोळ्या. एआरटी एचआयव्हीला रोखते. मेंदूच्या आवरणात शिरलेली बुरशी किंवा डोळ्याच्या पडद्यावर पसरलेला सीएमव्ही हा दुसरा विषाणू यांना त्यांचं स्वतंत्र औषध लागतंच.

सलाईन चुकली असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता आजच युनिटला फोन करा. शेवटची कधी झाली ती तारीख सांगा. गोळ्या नेहमीच्या वेळी, नेहमीच्या मापानंच घ्या. भरपाई म्हणून दुप्पट नको.